जुन्या शहरातले वाडे : पाडणाऱ्याला मोबदला, जपणाऱ्याला नोटीस

ढाळजकर

छत्रपती संभाजीनगरात (जुने औरंगाबाद), गुलमंडीच्या मागच्या अंगाला, मछली खडकाकडे जाणाऱ्या एका बोळात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. गेल्या महिन्यात एका बांधकाम व्यावसायिकाची माणसे तो मोजायला आली होती. त्यांनी लेझरचे यंत्र भिंतीला टेकवून चौकाची लांबी-रुंदी घेतली, ढाळजेतल्या (दरवाजाच्या आतल्या ओसरीतल्या) खांबाला नखाने खरवडून लाकूड सागवानच आहे ना याची खात्री केली, आणि निघताना दिंडी दरवाजाची किंमत वेगळी सांगितली. वाडा त्यांना पाडायचा आहे, पण दरवाजा अखंड हवा आहे, कारण तो नव्या इमारतीच्या तळमजल्यावर शोभेसाठी लावायचा आहे. आमचा आणि शेजारचे तीन असे चार वाडे एकत्र करून तेथे आलिशान सदनिकांची उंच इमारत बांधावी, खाली दोन मजले वाहनतळ असावा, गच्चीवर पोहण्याचा तलाव असावा आणि आम्हा अकरा हिस्सेदारांनी सदनिका किंवा रोख रक्कम घ्यावी, असा त्यांचा प्रस्ताव आहे. दसऱ्यापर्यंत उत्तर मागितले आहे. म्हणून हा धागा काढतो आहे.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या खेड्याच्या जागी हे शहर वसवले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. 1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला हलली आणि शहराचे वैभव उतरले, तरी सावकार, वतनदार, हिमरूचे विणकर, कुंभार, सराफ येथेच राहिले आणि तटाच्या आतली वस्ती त्यांच्या घरांमुळे टिकली. मकबरा, पाणचक्की आणि दरवाजे यांच्याकडे निदान लक्ष तरी दिले जाते. एखाद्या दरवाजाची डागडुजी झाली की वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ज्या घरांसाठी हे दरवाजे बांधले, त्या घरांची मात्र कोणी नीट मोजदादही करत नाही. औरंगपुरा, कुंभारवाडा, राजाबाजार या भागांत माझ्या लहानपणी मी ज्या वाड्यांत खेळलो, त्यांतले सात मला आठवतात. आज त्यांपैकी दोनच उभे आहेत.

आमच्या वाड्याला दोन चौक आहेत. भिंती दोन हात जाड असून खाली काळा दगड आणि वर चुन्यातल्या विटा आहेत. छत माळवदाचे आहे : सागवानी तुळया, त्यांवर किलच्या (लाकडाच्या लहान पट्ट्या), त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. मृग निघण्यापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती चढवून ती चोपण्याने बडवायची, पन्हाळी साफ करायच्या, उंदरांनी पोखरलेली जागा हाताने चाचपून बुजवायची, हे काम माझी आजी वयाच्या सत्तरीपर्यंत स्वतः उभी राहून करून घेत असे. उन्हाळ्यात बाहेर 43 अंश असताना ढाळजेत दुपारी चादर घ्यावी लागे. पहिल्या चौकात दगडी हौद आहे आणि त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यात खापरी नळाचे तोंड अजून दिसते. हा नळ नहर-ए-अंबरीच्या जाळ्यातला, असे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले. उंचावरून उताराने, पंपाशिवाय पाणी आणणारी ती नहर होती. माझ्या वडिलांच्या बालपणी त्या तोंडातून पाणी येत असे. पुढे वरच्या बाजूला एका इमारतीचा पाया खोल खणला गेला आणि त्या वर्षापासून हौद कोरडा पडला.

आता मुद्द्याकडे येतो. हे वाडे म्हातारे झाले म्हणून पडतात, असे सर्रास म्हटले जाते. माझे मत वेगळे आहे. वाडा पाडला तर पैसे मिळतात आणि राखला तर पैसे जातात, अशी व्यवस्था आपण उभी केली आहे, आणि ती व्यवस्था बिनबोभाट तिचे काम करते आहे.

आमच्या वाड्यात चार भाडेकरू आहेत. मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता, 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. या दोन्ही कायद्यांनी भाडेकरूला संरक्षण दिले आणि ते देणे योग्यच होते. पण एका खोलीचे महिना 40 रुपये भाडे घेणारा मालक तुळई कशाच्या बळावर बदलणार, याचे उत्तर कोणी दिले नाही. वाटण्यांमुळे मिळकत पत्रिकेवर अकरा नावे आहेत, त्यांतले सहा जण पुण्यात आणि दोघे परदेशात. बँकेकडे दुरुस्तीसाठी कर्ज मागितले, तर अकराही जणांच्या सह्या आणि बांधकामाची मंजूर नकाशाप्रत मागतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या घराचा मंजूर नकाशा कोठून आणायचा? मग एका पावसाळ्याआधी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागते. नोटिशीत घर रिकामे करा असे लिहिलेले असते. ते दुरुस्त कसे करावे, त्यासाठी कोणाकडे जावे, याचा एक शब्दही नसतो. त्याच वेळी व्यावसायिकाला रस्त्याच्या रुंदीनुसार चटई क्षेत्र (बांधता येणारे एकूण क्षेत्रफळ) मिळते, बाहेरचा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा न वापरलेला बांधकाम हक्क) विकत घेऊन ते वाढवता येते आणि जितके मजले चढतील तितका नफा वाढतो. अशा तराजूत वाडा कधीच जड भरणार नाही.

आणखी एक गोष्ट या प्रस्तावाच्या निमित्ताने माझ्या लक्षात आली. एवढी उंच इमारत आमच्या बोळात बसतच नाही, कारण अग्निशमनाची गाडी वळेल इतका रस्ता असल्याशिवाय तिला परवानगी मिळत नाही. म्हणून चार वाडे एकत्र करायचे आणि समोरच्या ओळीने रस्तारुंदीत मागे सरकायचे. म्हणजे एका मनोऱ्यासाठी चार वाडे जातात आणि त्याच्या वाटेसाठी समोरच्या घरांचे दर्शनी भाग जातात. अख्खा बोळ संपतो.

ज्यांनी हा निर्णय स्वतःच्या घराबाबत घेतला आहे, कोणत्याही बाजूने, त्यांनी कृपया लिहावे.

मांजराकाठ

ढाळजकर, आपण लिहिलेले मनापासून पटले, तरी मी लातूर जिल्ह्यातला स्थापत्य अभियंता आहे आणि माळवद हा शब्द वाचला की मला आधी किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जो भूकंप झाला, त्यात सुमारे 8 हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. गोल दगड मातीत रचलेली जाड भिंत असते, पण तिचे आतले आणि बाहेरचे तोंड एकमेकांना बांधणारा आरपार दगडच नसतो. हादरा बसला की दोन्ही तोंडे दोन दिशांना फुगतात आणि वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे वजन खाली बसते. आपल्या आजी दरवर्षी नवी माती चढवत होत्या, पण जुनी खरवडून काढत होत्या का? अनेक घरांत ती काढली जात नसे, आणि फूटभराचा थर दोन फुटांचा होई.

याचा अर्थ वाडा पाडावा असा मी काढत नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादमधल्या अनेक नव्या बहुमजली सिमेंट-काँक्रीटच्या इमारती कोसळल्या आणि जुन्या पोळींमधली (पोळ म्हणजे तिथली दाट जुनी वस्ती) लाकडी सांगाड्याची बहुसंख्य घरे उभी राहिली. लाकडाचा सांगाडा भिंतीत नीट गुंफलेला असेल, तर घर वाकते पण बसत नाही. किल्लारीतही भिंत फुटली तरी लाकडी खांबांवर माळवद तोलून राहिले आणि आतली माणसे वाचली, अशी घरे होती. तेव्हा आपल्या वाड्यात तुळईचे वजन खांबावर येते की थेट भिंतीवर, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा, भिंत कोठे फुगली आहे का. ओळंबा लावून पाहा. तिसरा, खांबाचे बूड. सागवान शेकडो वर्षे टिकते, पण जोत्याशी ओल धरली की खालचे एक वीत कुजते आणि वरचा सगळा खांब शाबूत असूनही घर धोकादायक ठरते. तेवढे बूड कापून, खाली दगड बसवून दुरुस्ती करता येते. माती कमी करून हलका थर देणे, ठरावीक अंतरावर भिंतीला भोके पाडून आरपार काँक्रीटचे दुवे घालणे, छताखाली चारही भिंतींना एक पट्टा बांधणे, हे सगळे भूकंपानंतर आपल्याच जिल्ह्यांत शिकवले गेले आहे. ते महाग आहे, पण मनोऱ्याइतके नाही.

कोणत्याही निर्णयाआधी स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. ज्याला वाडा पाडायचा आहे, त्याने नेमलेल्या माणसाचा अहवाल प्रमाण मानू नये.

सातवा मजला

मी विरुद्ध बाजूने लिहिते आहे, आणि कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. आमच्या सासरचा वाडा याच शहरात होता आणि चार वर्षांपूर्वी आम्ही तो पाडायला दिला. त्या जागी आलिशान म्हणून जाहिरात केलेली इमारत झाली आणि तिच्या सातव्या मजल्यावर आम्ही राहतो.

वाड्याबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या आठवणी ढाळजेतल्या असतात. माझ्या आठवणी स्वयंपाकघरातल्या आहेत. तेथे एकच झरोका होता, आणि तो अशा उंचीवर की धूर जाई पण उजेड येत नसे. संडास परसात. मला सातवा महिना लागला तेव्हा पावसात, रात्री, कंदील घेऊन दोन चौक ओलांडून जावे लागे. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, त्यानंतरची तीन वर्षे त्या ज्या खोलीत होत्या, त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर त्यांचे जग नव्हते, कारण प्रत्येक दाराला वीतभर उंबरा आणि प्रत्येक सोप्याला पायरी. आज त्या उद्वाहनाने खाली येतात आणि संध्याकाळी बाकावर बसतात. हे सुख मी कोणत्याही कोरीव खांबासाठी परत देणार नाही.

पण जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. इमारतीचा देखभाल खर्च दरमहा इतका आहे की दोन जावांपैकी एकीने सदनिका विकली आणि वाळूजला गेली. पाणी टँकरचे. वाड्यात सहा भाडेकरू होते, त्यांत एक शिंपी, एक शेवया करून विकणारी विधवा आणि एक निवृत्त शिक्षक. त्यांना पैसे देऊन मोकळे केले. त्यांच्यातले कोणीही नव्या इमारतीत आले नाही, आणि त्या किमतीत येणे शक्यही नव्हते. शिक्षक पडेगावच्या पलीकडे राहायला गेले आणि वर्षभरात वारले. त्यांची पत्नी अजून भाजी घ्यायला औरंगपुऱ्यात येते, दोन रिक्षा बदलून. ती समोर दिसली की मला बोलायला सुचत नाही.

लोअर परळ

मूळचा परभणीचा, तीस वर्षे मुंबईत. तेथे हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर मोठ्या प्रमाणावर झाले, म्हणून लिहितो. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि नंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची ठरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. एका वाक्याच्या बदलाने शेकडो एकर जागेचे भवितव्य पालटले. आज माझ्या खिडकीतून जे मनोरे दिसतात, त्यांच्या आवारातली धुराडी शोभेसाठी ठेवली आहेत. आपल्या दिंडी दरवाजाबद्दल वाचले तेव्हा मला तीच आठवली.

याच शहरात दुसरे उदाहरणही आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्यांना म्हाडाच्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर त्याच जागी मिळाले. पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. चाळी गेल्या याची हळहळ मला आहे, पण माणसे तेथेच राहिली. म्हणून उंच इमारत या शब्दालाच विरोध करू नये असे मला वाटते. ती कोणासाठी उभी राहते आहे, हे आधी पाहावे.

आणि वारसा जपण्याचे नियम नसतात असेही नाही. मुंबईत 1995 पासून वारसा-यादी आणि श्रेणी आहेत, आणि म्हणूनच फोर्टमधले कित्येक रस्ते आजही ओळखता येतात.

बेगमपुरा

पाण्याचा मुद्दा कोणी पुढे नेला नाही, म्हणून दोन ओळी. या शहराला पाणी पैठणच्या नाथसागर धरणातून, जवळजवळ 45 किलोमीटरवरून, पंपाने उचलून येते. आमच्या नळाला पाच-सहा दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात त्याहून उशिरा. अशा शहराच्या मध्यभागी, गल्लीतल्या जुन्याच जलवाहिनीवर, गच्चीवर तलाव असलेली इमारत उभी राहिली तर खालच्या घरांच्या नळाचे काय होईल, हे परवानगी देताना कोणी विचारले पाहिजे. आमच्याकडे थत्ते हौद हा जुना पाण्याचा हौद आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी आधी पाणी आणले आणि मग वस्ती वाढवली.

ढाळजकर

सर्वांचे आभार. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण मांजराकाठ यांच्या सांगण्याप्रमाणे एका अभियंत्याला घेऊन वाडा पाहात होतो.

पहिल्या चौकाचे वजन खांबांवर आहे. सोळा खांबांपैकी पाचांचे बूड कुजले आहे. मी स्वतः पेचकस खुपसून पाहिला, तो मुठीपर्यंत आत गेला, आणि त्याच खांबावर हातभर वर तो टोकापुरताही शिरेना. माळवदावरची माती 22 इंच निघाली. म्हणजे आजीने दरवर्षी थर चढवला, काढला कधीच नाही. तिच्या त्या कामाकडे मी आयुष्यभर फक्त कौतुकाने पाहिले. आता कळते की ते घर आम्ही ज्या वजनाखाली झोपत होतो, त्या वजनासह उभे होते. मागचा चौक मात्र वाचण्यासारखा नाही. तेथे तुळया थेट भिंतीवर आहेत आणि पश्चिमेची भिंत ओळंब्यापासून चार बोटे बाहेर आली आहे. त्या चौकातले बिऱ्हाड आम्ही गेल्या रविवारी पुढच्या सोप्यात आणले.

सातवा मजला यांचे लेखन मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. माझी आई काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने म्हणाली की तिलाही त्या स्वयंपाकघरात कधी उजेड मिळाला नाही. पन्नास वर्षांत तिने हे एकदाही सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. वाडा ठेवायचा असेल तर त्यात राहणाऱ्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना तो राहण्याजोगा करावाच लागेल, हे मी आता अट म्हणून मांडतो आहे.

हिस्सेदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव असा आहे. मागचा पडीक चौक आम्ही स्वतः उतरवून तेथे तीन मजली साधी इमारत बांधायची, त्यात उद्वाहन, संडास-न्हाणी आणि चारही भाडेकरूंना त्यांच्या आताच्या जागेइतकी जागा. सागवान जपून उतरवायचे आणि पुढच्या चौकाच्या दुरुस्तीला वापरायचे. पुढचा चौक, ढाळज आणि हौद ठेवायचा. पैशाची अडचण खरी आहे. वारसा-यादीतल्या घराच्या न वापरलेल्या बांधकाम हक्काचा टीडीआर देण्याची तरतूद राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत नियमावलीत आहे. अहमदाबादमध्ये पोळीतल्या घरमालकांना असा टीडीआर मिळतो, तो बाहेर विकता येतो आणि आलेला पैसा घराच्या दुरुस्तीला लागतो. जो हक्क आज पाडणारा विकत घेतो, तोच जपणाऱ्याने विकावा, एवढीच ही गोष्ट आहे. यासाठी वाडा आधी यादीत यावा लागतो, आणि यादीत आला की विकता येणार नाही या भीतीने आमच्यातलेच तिघे सही करायला तयार नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. एकाच्या मुलीचे शिक्षण याच पैशावर ठरले आहे. त्यांचा हिस्सा बाकीच्यांनी हप्त्याने विकत घ्यावा का, यावर बोलणे सुरू आहे. शेजारच्या तीन वाड्यांपैकी एकाने होकार देऊन टाकला आहे, म्हणजे आमच्या नकाराने मनोरा थांबेलच असेही नाही.

सध्या दोन गोष्टींची तातडीने गरज आहे. घाणीचा (दगडी चाकाच्या घाणीत दळलेला) चुना मळून देणारे कारागीर कोणाच्या माहितीत असतील, तर कळवावे. पैठणकडे दोन घरे आहेत असे ऐकले, पण तेथे गेलो तेव्हा घाणीचे चाक अंगणात उलटे पडलेले होते आणि मुलगा वाळूजला कंपनीत जातो असे समजले. आणि ज्यांच्या घरात जुन्या नहरेचे खापरी नळ दिसतात, त्यांनी आपल्या हौदाची जागा आणि नळाच्या तोंडाची दिशा येथे लिहावी. माझ्याकडे शहराचा एक मोठा नकाशा आहे. आमच्या हौदापासून मी पेन्सिलीने पहिली रेघ ओढली आहे, ईशान्येकडे.